नटसम्राट बालगंधर्व : एका कापड व्यापाऱ्याच्या नजरेतून

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम संकोचलो. धर्म, तत्त्वज्ञान, तीर्थक्षेत्रे या विषयांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्या समाजात आहेत. माझे आयुष्य गज-कात्रीत आणि रोजकीर्द-खतावणीत गेले. परंतु संपादकांनी विषयाचे बंधन घातले नाही, म्हणून अनेक वर्षे मनात घोळत असलेला एक विषय वाचकांच्या सेवेशी सादर करीत आहे. तो आहे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. त्यांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटत आले ते दोन गोष्टींमुळे. एक त्यांची वस्त्रे आणि दुसरी त्यांची देणी. या दोन्ही गोष्टी थोड्याफार कळतात, एवढाच माझा अधिकार.

राजहंस घराणे सांगलीकडील नागठाण्याचे. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच गळा इतका गोड की पुण्यात त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले आणि तेच नाव जन्मभर राहिले. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही या मुलाकडे लक्ष दिले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका गाजविणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. त्यांची जागा भरून काढील असा नट मंडळीला हवा होता. १९०५ साली मिरज मुक्कामी सतरा वर्षांचा नारायण शकुंतलेच्या वेषात रंगमंचावर उभा राहिला आणि मंडळीचा शोध संपला.

आजच्या तरुण वाचकाला ‘मुक्काम’ या शब्दाचे महत्त्व कदाचित जाणवणार नाही. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे चालते-फिरते गावच असे. नट, गवई, सारंगिये, तबलजी यांच्याबरोबर शिंपी, परीट, न्हावी, सुतार, रंगारी आणि आचारी-पाणके असत. पडदे, कपडेपट, दागिने, वाद्ये, भांडीकुंडी हे सारे रेल्वेच्या वाघिणीत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे, दोन-तीन महिने मुक्काम ठोकायचा, आठवड्यातून ठरावीक रात्री खेळ करायचे आणि उत्पन्न ओसरू लागले की पुन्हा गाडी पकडायची. रेल्वेवाचून हा धंदा वाढलाच नसता. आपले गोंदिया जसे रेल्वेमुळे गाव झाले, धान आणि विडीचा व्यापार जसा बंगाल-नागपूर रेल्वेच्या फलाटावरून वाढला, तसेच मराठी नाटकही रुळांवरून फिरले. कापसाचा पैसा हातात आला की वऱ्हाडात मंडळ्यांचे दौरे निघत आणि पुढे नागपूरपर्यंत येत.

आपल्या भागात या परंपरेचा धागा अजून तुटलेला नाही. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने झाडीपट्टीत नाटके सुरू होतात, वडशाच्या नाटक कंपन्यांकडे तारखा ठरवायला गावोगावची मंडळे जातात, आणि रात्री दहाला सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. आपण व्यापारी दिवाळीला वहीपूजन करून नवी वही उघडतो, वीरनिर्वाण संवताचे नवे वर्ष लागते, आणि त्याच सुमारास अर्जुनी-मोरगावकडे नाटकांचे मंडप पडू लागतात. ज्यांनी अशी एखादी रात्र शालेत गुरफटून काढली असेल त्यांना बालगंधर्वांच्या काळाची कल्पना अधिक समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की, तेव्हा नायिकाही पुरुषच असे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग ठरला होता. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळींनी सुचविले, परंतु त्यांनी ते मानले नाही. प्रेक्षक जमणार आहेत, तिकिटे गेली आहेत, खेळ झालाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. संध्याकाळी ते रंगून उभे राहिले आणि गायले. या प्रसंगाचे वर्णन बहुधा कलेवरील निष्ठा म्हणून केले जाते. ते खरेच आहे. मला मात्र त्यात दिलेल्या शब्दाची जाणीवही दिसते. ज्याचे पैसे घेतले त्याला माल दिला पाहिजे. बापाचे काळीज काय म्हणत असेल, हा प्रश्न माझ्या मनातून आजही जात नाही, आणि त्यांनी केले ते योग्यच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

नानासाहेब जोगळेकरांच्या निधनानंतर किर्लोस्कर मंडळीत बेबनाव वाढला. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघांची भागी. टेंबे संगीतातले जाणकार, बोडस कसलेले नट आणि बालगंधर्व तर कंपनीचे सर्वस्व. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ च्या डिसेंबरात ‘स्वयंवर’ आले. भास्करबुवांनी चाली दिल्या आणि रुक्मिणीच्या पदांना ‘वन्समोअर’ घेता घेता रात्र संपू लागली.

आता माझ्या विषयाकडे येतो. बालगंधर्वांच्या आधीही स्त्रीपार्टी नट उत्तम लुगडी नेसत असत. पण रंगमंचावरील कापड हे दिव्याच्या उजेडात दुरून दिसायचे असल्यामुळे खोट्या जरीवर काम भागते, हा नाटकवाल्यांचा जुना हिशेब. आमच्या धंद्यातही तो आहे. लग्नाच्या बस्त्यात नवरीचा शालू एक आणि मानपानाची लुगडी दुसरी, हे कोण जाणत नाही? बालगंधर्वांनी हा हिशेब मोडला. त्यांना शालू हवा तो बनारसचा, पैठणी हवी ती अस्सल, जर हवी ती खरी. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचे पाणी. असे लुगडे जीर्ण झाले तरी जाळून त्यातली चांदी काढून विकता येते, म्हणून आमच्याकडे त्याला अर्धी ठेव मानत. पण ती ठेव केव्हा, तर मोडीत काढली तर. बालगंधर्व मोडीत काढणाऱ्यांपैकी नव्हते, आणखी घेणाऱ्यांपैकी होते. दागिन्यांची, पडद्यांची, गालिच्यांची तीच तऱ्हा. नाट्यगृहात अत्तराचा दरवळ असे. मुक्कामात पंगती उठत आणि कोण पाहुणा, कोण मंडळीतला, याची चौकशी होत नसे.

याचे फळ त्यांना मिळाले, हेही सांगितले पाहिजे. घरंदाज स्त्रिया नाटकाला येऊ लागल्या आणि पदर कसा घ्यावा, अंबाडा कसा घालावा, गजरा कुठे माळावा हे एका पुरुषाकडे पाहून शिकू लागल्या. दुकानातल्या गादीवर बसून मी चाळीस वर्षांहून अधिक काळ बायकांना लुगडी-साड्या दाखविल्या आहेत. कापड खांद्यावर टाकून दाखविले तर ते विकले जाते आणि नुसती घडी पुढे ठेवली तर पडून राहते, हे मला ठाऊक आहे. बालगंधर्वांनी अवघ्या महाराष्ट्राला कापड खांद्यावर टाकून दाखविले. गमतीने म्हणावेसे वाटते की, ज्या व्यापाऱ्यांनी त्यांना माल उधार दिला त्यांनी खरे तर आपल्या मालाची जाहिरात त्यांच्याकडून फुकट करून घेतली.

आणि याच नटाने १९१९ साली फाटके लुगडे नेसले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व मंडळीने बसवायला घेतले. गडकरी तेव्हा क्षयाने खंगले होते. नागपूरजवळ सावनेर येथे भावाकडे ते राहिले होते आणि तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षात, त्यांचा अंत झाला. आपल्यापैकी अनेकजण कामानिमित्त सावनेरवरून जातात. मराठीतला एवढा मोठा नाटककार आपल्या विदर्भाच्या मातीत विसावला, हे तेव्हा आठवणीत ठेवावे. महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, बडोद्याला ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. गडकऱ्यांनी तो पाहिला नाही. त्यातील पदेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. बोडस सुधाकर झाले होते आणि बालगंधर्व सिंधू. दारूने घर बुडालेल्या माणसाची बायको, दुसऱ्यांचे दळण दळून पोराला जगविणारी. जो नट शालूशिवाय दिसला नव्हता तो ठिगळे लावलेल्या लुगड्यात जात्यापाशी बसला.

कापडाच्या माणसाला येथे एक गोष्ट कळते. नवे लुगडे मुद्दाम फाडले तर ते फाडलेले दिसते. झिजलेले लुगडे वेगळे असते. ते आधी बसण्याच्या जागी विरते, मग त्याचे दोन तुकडे करून, विरलेला भाग काढून, मध्ये दंड घालून शिवतात. आणि अशा लुगड्याचा पदर बाई हाताने धरून ठेवते, कारण ओढला तर टरकेल ही भीती असते. गरिबी कापडात असते त्याहून अधिक कापड सांभाळण्याच्या रीतीत असते. सिंधूला पाहून प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येत, ते एका ठिगळामुळे येत नसावेत. ज्याला शालू मिरविता येतो त्यालाच लुगडे सांभाळताही येते, असे मला वाटते.

परंतु खतावणी कोणाच्या हुंदक्यांनी जुळत नाही. टेंबे पहिल्या काही वर्षांतच भागीतून बाहेर पडले होते, पुढे बोडसही गेले. दोघेही जाणते होते, आणि खर्चाचा हा ओघ कोठे जाणार हे त्यांना दिसत असणारच. १९२० साली खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ आले. मयसभेचा थाट उभा करण्यासाठी बालगंधर्वांनी हात राखला नाही. खर्चाचा आकडा पाऊण लाखाच्या घरात सांगितला जातो. पाऊण लाख, आणि तेही १९२० चे! नाटकाने तेवढे परत दिले नाही. १९२१ साली हिशेब मांडला गेला तेव्हा मंडळीच्या डोक्यावर लाखाच्या पुढे कर्ज होते.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातील एक घटना या कर्जाशेजारी ठेवून पाहावी. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर! पुढच्या जागांचे तिकीट शंभर रुपये, आणि सोळा हजारांवर उत्पन्न झाले. ते सारे फंडाला गेले. ज्याच्या दाराशी सावकार बसले आहेत तो माणूस सर्वांत मोठ्या उत्पन्नाची रात्र देशकार्याला देतो, हे अव्यवहारी म्हणायचे की काय म्हणायचे? तीन आठवड्यांनी, ३१ जुलैला, त्याच मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. कापडाच्या व्यापाऱ्यांना तो महिना पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला. केशवराव मात्र त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, एकतिसाव्या वर्षी, ते विषमज्वराने गेले.

कर्जातून सुटण्याचा मार्ग त्या वेळी उपलब्ध होता. मुंबईसारख्या शहरांसाठी १९०९ चा आणि इतर मुलखासाठी १९२० चा नादारीचा कायदा होता. अर्ज करायचा, असेल ते न्यायालयाच्या स्वाधीन करायचे, धनकोंना रुपयात चार-सहा आणे जे मिळेल ते मिळू द्यायचे आणि स्वतः मोकळे व्हायचे. बालगंधर्वांना तसा सल्ला दिला गेला. त्यांनी तो नाकारला. कंपनीची सारी देणी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि एकटे मालक झाले. म्हणजे नफ्याच्या काळात भागीदार तिघे आणि कर्जाच्या काळात मालक एक.

येथे घरची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मी नुकताच बी. कॉम. होऊन दुकानात बसू लागलो होतो. बाहेरगावच्या एका ठोक गिऱ्हाइकाने हात वर केले आणि आमची फार मोठी रक्कम बुडाली. तो माल आम्हीही उधारीवरच आणलेला. मी पुस्तकांतून शिकलेला नादारीचा कायदा बाबूजींना समजावून सांगू लागलो. कलमेसुद्धा सांगितली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “कायदा मोकळा करील, पण उद्या बाजारातून जाऊ कोणत्या रस्त्याने?” त्यांनी धनकोंच्या पेढ्यांवर स्वतः जाऊन हप्ते बांधून घेतले. सहा दिवाळ्या आमच्या घरात नवे कापड आले नाही. कापडवाल्याच्या घरात! मला त्या काळात बाबूजींचा राग येत असे, आणि तो अनेक वर्षे गेला नाही. त्याच दिवसांत शेजारच्या घरी रेकॉर्डवर बालगंधर्वांची पदे लागत. हा मनुष्य कोण, म्हणून मी त्यांच्यावरील पुस्तके मिळवून वाचली आणि १९२१ सालच्या हकिकतीपाशी येऊन थांबलो.

बालगंधर्वांनी ते देणे सहा-सात वर्षे राबून फेडले. फेडले म्हणजे गावोगाव फिरून, रात्र रात्र गाऊन फेडले. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ ही तीच नाटके पुन्हा पुन्हा लागली आणि लोक पुन्हा पुन्हा आले. १९२६ साली ‘मेनका’ आले. चाळिशीकडे झुकलेला पुरुष सोळा वर्षांची रुक्मिणी होई आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. ज्या धनकोंनी धीर धरला त्यांचेही कौतुक केले पाहिजे. त्यांनी तारण म्हणून कशाकडे पाहिले असेल? जुने पडदे आणि वापरलेले शालू यांची बाजारात किंमत ती किती! त्यांनी त्या गळ्याकडे आणि त्या शब्दाकडे पाहिले.

कर्ज फिटले तेव्हा तरी हात आखडला असेल, असे वाचकांस वाटेल. मलाही वाटले होते. पण नाही. कबूल करावे लागते की, या बाबतीत बालगंधर्व काहीच शिकले नाहीत. संगीतसाथीला उत्तमातले उत्तम वादक हवेत म्हणून सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे कलावंत पगारावर ठेवले. आपल्या धर्माने परिग्रहाला मर्यादा घालायला शिकविले आहे. त्या मोजपट्टीने या माणसाचे काय करावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. वस्तूंचा एवढा सोस फार थोड्यांना असेल, आणि त्या वस्तू आपल्या म्हणून तिजोरीत ठेवण्याचा सोस त्यांना अजिबात नव्हता. सगळे रंगमंचावर आणि पंगतीत संपत होते.

१९३१ साली बोलपट आला आणि मराठी नाटक कंपन्यांचा पायाच हलला. चार आण्यांत पडद्यावर गाणे ऐकायला मिळू लागल्यावर वाघिणी भरून फिरणाऱ्या मंडळ्या किती टिकणार? त्यातच स्त्रिया स्वतः रंगमंचावर येऊ लागल्या. १९३४ च्या अखेरीस बालगंधर्वांनी कंपनीचे काम थांबवून प्रभात फिल्म कंपनीशी भागी केली. शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’ या १९३५ च्या चित्रपटात ते संत एकनाथ झाले. ज्याला महाराष्ट्राने पदर घेतलेला पाहिला त्याला उपरण्यात पाहणे लोकांना जड गेले. त्यांनाही समोर प्रेक्षक नसताना गाणे जमेना. ती भागी एका चित्रपटावरच संपली आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. पुढचा काळ उतरणीचा होता आणि त्याचे तपशील उगाळण्यात मला स्वारस्य नाही. पाय गेले, तरी बसून भजने म्हणत राहिले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या, आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांनी देह ठेवला. मागे मालमत्ता म्हणावी असे काही राहिले नाही. नव्या पिढीला ते २०११ सालच्या सुबोध भावे यांच्या चित्रपटामुळे ठाऊक झाले, हेही नसे थोडके.

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झाले होते. उद्घाटन मात्र त्यांच्या पश्चात, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी झाले. काही वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्यास गेलो असता मुद्दाम तेथे नाटक पाहायला गेलो. आत चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीवेषातील. लोक येत होते, क्षणभर पाहत होते, पुढे जात होते. मी स्त्रीवेषातील चित्रापाशी थांबलो आणि सवयीने पदराची जर, काठाची रुंदी, निऱ्यांची ठेवण पाहू लागलो. बाबूजी बरोबर असते तर त्यांनी आधी भाव विचारला असता. तिसरी घंटा झाली, मुलगा हाक मारू लागला, तरी माझा हात नकळत पुढे झाला होता, कापड बोटांत धरून पाहायला.